जमेचे किलोमीटर

मैल साठवता येतात हे मला वयाच्या अठराव्या वर्षी कळले. माणसे पैसे साठवतात, धान्य साठवतात. आमच्या दुष्काळी भागात पाणी तर पिंप, हंडे, घागरी, हाताला येईल त्यात साठवतात. पण झालेला प्रवास कुणी जमा करून ठेवतो आणि पुढे तो मोडून खातो, ही कल्पनाच मला नवी होती. ती सांगितली माझ्या वर्गमैत्रिणीच्या दादाने. तो पुण्याला संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. गणपतीत गावी आला होता. आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि त्याने मोबाइल काढून आम्हांला एक आकडा दाखवला. "हे माझे माइल्स. अजून थोडे झाले की सिंगापूर फुकट!" 'फुकट' या शब्दासरशी ओसरीवरच्या सगळ्यांचे कान टवकारले. एका आजोबांनी विचारले, "आन परत यायचं?" ते मैल वेगळे लागतात, असे कळल्यावर आजोबांचा त्या योजनेतला रस संपला.

माझा मात्र वाढला. मी मिळेल तेथून या मैलांची माहिती गोळा केली. १९७८ पर्यंत अमेरिकेत विमानाचे भाडे सरकार ठरवून देत असे. त्या वर्षी कायदा होऊन ते बंधन सुटले आणि कंपन्यांमध्ये गिऱ्हाईक ओढण्याची चढाओढ लागली. एका लहान कंपनीने १९७९ मध्ये प्रवाशांचे मैल मोजायला आरंभ केला. पण ही प्रथा खरी रूढ झाली ती १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने आपली योजना काढली तेव्हापासून. आठवडाभराच्या आत युनायटेडनेही आपली योजना जाहीर केली. हिशेब सरळ होता. विमानात खुर्ची रिकामी गेली काय किंवा भरलेली गेली काय, कंपनीच्या खर्चात फारसा फरक पडत नाही. मग ती रिकामी खुर्ची नेहमीच्या प्रवाशाला बक्षीस दिली तर तो दुसऱ्याच्या विमानात पाय ठेवणार नाही. आपल्याकडे एअर इंडियाचीही अशी योजना आहे. पूर्वी तिला 'फ्लाइंग रिटर्न्स' म्हणत, अलीकडे तिचे 'महाराजा क्लब' झाले.

गंमत पुढेच आहे. या मैलांचा मैलांशी संबंध हळूहळू सुटत गेला. कंपन्या मैल बँकांना विकू लागल्या आणि बँका ते क्रेडिट कार्डावर वाटू लागल्या. दादाच्या खात्यातले निम्म्याहून अधिक मैल किराण्याचे आणि पेट्रोलचे आहेत, हे त्यानेच हसत सांगितले. २०१५ पासून अमेरिकेतल्या डेल्टा आणि युनायटेड या कंपन्या किती लांब गेलात ते न पाहता तिकिटाला किती पैसे मोजलेत ते पाहून मैल देऊ लागल्या. पुढल्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सही त्याच वाटेने गेली. म्हणजे नाव तेवढे मैलाचे उरले, मोजमाप पैशाचे झाले.

याहून नवलाची गोष्ट कॅलिफोर्नियातल्या एका इंजिनिअरची आहे. १९९९ मध्ये एका खाद्यपदार्थांच्या कंपनीने जाहीर केले की आमच्या डब्यांवरच्या दहा पट्ट्या पाठवा आणि विमानाचे मैल घ्या. या गृहस्थाने शोध घेतला तेव्हा त्याला त्या कंपनीचे सर्वांत स्वस्त असे पुडिंगचे छोटे डबे सापडले. पुडिंग म्हणजे आपल्या खिरीची घट्ट बहीण. त्याने गावोगावची दुकाने पालथी घालून १२,१५० डबे खरेदी केले. एवढे खाणार कोण? त्याने ते एका धर्मादाय संस्थेला देऊन टाकले आणि अट एवढीच घातली की पट्ट्या तुम्ही सोलून द्यायच्या. तीन हजार डॉलरांच्या आसपास खर्चात त्याच्या खात्यावर सुमारे साडेबारा लाख मैल जमा झाले. खुर्चीचा पट्टा न बांधता!

हा साडेबारा लाखांचा आकडा वाचला त्या रात्री मी वहीत एक गणित मांडले. त्या गणिताकडे येण्यापूर्वी माझ्या वहीविषयी सांगितले पाहिजे.

विमानाला जसे मैल तसे एसटीला टप्पे. एक टप्पा सहा किलोमीटरांचा आणि भाडे टप्प्यावर. आमच्या गावापासून कॉलेजपर्यंत तीन टप्पे, म्हणजे जाऊन येऊन ३६ किलोमीटर. बारावीपर्यंत आम्हां ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा मोफत पास होता, आता विद्यार्थी म्हणून तीन भागांतला एक भाग भरून महिन्याचा पास मिळतो. अकरावीला प्रथमच रोज एकटीने प्रवास सुरू झाला तेव्हा त्याची काहीतरी खूण ठेवावी असे मला वाटू लागले. पासाला तिकीट नसते. मग मी सीटवर, पायाखाली पडलेली लोकांची तिकिटे उचलून एका डब्यात ठेवू लागले. वर्षाच्या आत ती कोरी झाली. यंत्रातून निघणाऱ्या तिकिटाच्या कागदावर शाई नसतेच. उष्णतेने उमटलेली अक्षरे ती, तशीच विरून जातात. याउलट आजीच्या कापडी पिशवीत जुन्या काळचे एक छापील तिकीट आहे. कंडक्टरने पेटीतून काढून चिमट्याने भोके पाडून दिलेले. ती जेजुरीला गेली होती तेव्हाचे. त्याचा रंग उडालेला नाही आणि भोकांतून अजून पलीकडचे दिसते.

तिकिटांचा नाद सोडून मी वही धरली. ज्या दिवशी कॉलेजला गेले त्या दिवशी एक रेघ, पाच झाल्या की आडवी काट. अकरावीला १७२ दिवस, बारावीला १५८, प्रथम वर्षाला १६४ आणि यंदा जानेवारीअखेर १३०. एकूण ६२४ दिवस, २२,४६४ किलोमीटर. पृथ्वीचा घेर विषुववृत्तावर ४०,०७५ किलोमीटर आहे. माझी अर्धी प्रदक्षिणा होऊन गेली आणि मी अजून त्याच फाट्यावर, त्याच चिंचेखाली उभी राहून गाडीची वाट पाहते. या किलोमीटरांवर मला सिंगापूर काय, सातारासुद्धा फुकट मिळणार नाही. (कॉलेजात मात्र आता आपले सर्वांचे एक खाते आहे. 'अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स' नावाच्या बँकेत आपण मिळवलेले श्रेयांक जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षे टिकतात. सरांनी हे वर्गात सांगितले तेव्हा मागल्या बाकावरून प्रश्न आला होता, "सर, व्याज किती?")

आता ते गणित. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, एसटीत ड्रायव्हर आहेत. नोकरीला बावीस वर्षे झाली. दिवसाला सरासरी २५० किलोमीटर आणि वर्षाला २८० दिवस धरले तर वर्षाचे ७०,००० होतात, बावीस वर्षांचे १५ लाख ४० हजार. चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर आहे. म्हणजे अण्णा दोनदा चंद्रावर जाऊन दोनदा परत आले. मी मोठ्या उत्साहाने त्यांना हे सांगितले. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "आन डिझेल कुटं भरलं म्हनायचं?" मी मैल काढले. साडेनऊ लाखांच्या थोडे वर. बावीस वर्षे गिअर टाकून, घाट चढून, रात्री-अपरात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपवून घेऊन अण्णांचे जेवढे मैल झाले, त्याहून अधिक त्या गृहस्थाने पुडिंगच्या डब्यांवर मिळवले होते. मला त्याचा राग आला असे नाही. त्याच्या हुशारीचे कौतुकच आहे. पण ते दोन आकडे एकाखाली एक लिहिल्यावर मी बराच वेळ वही मिटली नाही.

चालवणाऱ्याचे मैल कुणी मोजत नाही, बसणाऱ्याचे मोजतात. तशी अण्णांनाही एक गोष्ट मिळते. एसटीच्या कर्मचाऱ्याला वर्षातून ठरावीक मुदतीचा मोफत पास असतो, तोही कुटुंबासह. आमच्या घरी कॅलेंडरच्या मागे खिळ्याला एक प्लॅस्टिकची पिशवी असते, तिच्यात रेशनकार्ड, विजेची बिले आणि हा पास. माझ्या लहानपणापासून मी तो पाहत आले आणि बहुतेक वर्षी त्याची मुदत त्या पिशवीतच संपली. सुगी असते, म्हैस व्यालेली असते, आजीचा दमा उठलेला असतो, अण्णांना रजा नसते. प्रवास फुकट झाला तरी मुक्कामाला आणि जेवणाला पैसे लागतात. आणि सर्वांत मोठी अडचण म्हणजे, जायचे कशाला? आमच्या घरात प्रवास कामासाठी होतो. लग्न, मयत, दवाखाना, कोर्ट, पंढरपूर. यांपैकी काही नसताना बाई पिशवी घेऊन फाट्यावर उभी राहिली तर चार माणसे विचारतात, "काय, सगळं ठीक हाय ना?" जमा झालेले मैल न वापरता मुदतीअभावी बुडतात, अशी तक्रार दादाही करत होता. आमच्या घरी ते बुडत होतेच, फक्त त्याला कुणी बुडणे म्हणत नव्हते.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत अण्णा घरी होते. मी दहावीला होते. इतके दिवस सलग घरात राहिलेले अण्णा आम्ही कधी पाहिले नव्हते. पहाटे चारला ते उठून बसत आणि मग आपल्याला कुठे जायचे नाही हे आठवून अंगणातल्या बाजेवर पडून राहत. संध्याकाळी बोलू लागत ते एकाच गावाविषयी. अण्णांना आठवड्यातून तीन रात्री मुक्कामी गाडी असे. आमचा भाग माणकडचा, कोरडा. ती गाडी पुसेगाव, कोरेगाव, सातारा करत कासचे पठार ओलांडून पार कोयनेच्या पाण्याशी जाई. संध्याकाळी पाचला डेपोतून निघून रात्री पावणेनऊच्या सुमारास गावात पोचायचे, गाडीतच मागच्या लांब बाकावर निजायचे आणि सकाळी सहाला परत. त्या गावचा पाऊस, गाडीखाली येऊन झोपणारे कुत्रे, देवळापुढची टाकी आणि रोज रात्री यांना पिठलं-भाकरी करून घालणारी एक म्हातारी. पैसे दिले तर घेत नाही, म्हणून हे तिला साताऱ्याहून कधी चहा-साखर नेतात. आई भाकऱ्या थापता थापता ऐकत असे. एकदा तिने विचारले, "म्हातारी पिठल्यात लसून घालती का?" अण्णा म्हणाले, "भरपूर." आई पुढे काही बोलली नाही.

अण्णा पुन्हा कामावर गेले, तीच गाडी पुन्हा त्यांच्या वाट्याला आली. २०२३ च्या १७ मार्चपासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले. गावातल्या बायका गटागटाने निघाल्या. तुळजापूर काय, कोल्हापूर काय. आई कुठे गेली नाही. मग गेल्या मे महिन्यात, म्हणजे २०२५ मध्ये, मोहोळ झोडपल्यासारखे ऊन पडले असताना तिने एका दुपारी पिशवीतून पास काढला, तारीख माझ्याकडून वाचून घेतली आणि अण्णांना म्हणाली, "अवं, तुमच्या मुक्कामाच्या गावाला यायचंय."

"तिथं काय हाय?"

"तुमी जेवता कुटं, निजता कुटं, ती बघायची."

अण्णांना हसावे की रागवावे कळेना. तिथे बघण्यासारखे काही नाही, लोक कासला फुले बघायला येतात, तीही पावसाळ्यानंतर. असे बरेच काही त्यांनी सांगितले. आईने शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली होती.

आई अण्णांच्या लांबच्या फेरीला कधी बसलेली नव्हती. बावीस वर्षे ती त्यांना गणवेश घालून जाताना आणि तो धुळीने भरवून येताना पाहत होती. मधले तिला ठाऊक नव्हते. आम्ही दोघी पुढच्याच बाकावर बसलो. कंडक्टरकाका आमच्या ओळखीचे. गाडी सुटल्यावर थट्टेने म्हणाले, "वहिनी, पास दाखवा." आईने पदराची गाठ सोडून पास काढला आणि थट्टा न करता पुढे केला. "बघा. नीट बघा." त्यांनीही मग तो उलटसुलट करून नीट पाहिला. पुढचे साडेतीन तास तो पास तिच्या मुठीत होता. गाडीत तिच्या बाजूला बसलेल्या बाईचे अर्धे तिकीट होते. त्या बाईने विचारले, "तुमचं तिकीट?" आई म्हणाली, "आमच्या मालकांचा पास हाय." आणि हाताने पुढे दाखवले.

सातारा मागे पडल्यावर घाट लागला. आई बाहेर पाहतच नव्हती, अण्णांच्या हातांकडे पाहत होती. प्रत्येक वळणाला ती त्यांच्याबरोबर किंचित कलत होती. मला वाटते, त्या तासाभरात तिने बरीचशी थकबाकी वसूल केली.

गाव म्हणजे पंधरा-वीस दिवे. म्हातारी दारात कंदिलासारखी उभी होती, म्हणजे तिच्या हातात मोबाइलची बॅटरी होती, पण उभी राहण्याची तऱ्हा कंदिलवाल्या माणसाची. आईकडे खालीवर पाहून ती म्हणाली, "तूच व्हय? मला वाटलं लई उंच असशील." आम्ही पाहतच राहिलो. आईचा गुडघा दुखतो हे म्हातारीला माहीत होते. मी अर्थशास्त्र घेतले आहे हे माहीत होते. म्हैस कधी व्याली तेही माहीत होते. अण्णा घरी येऊन जसे तिच्याविषयी बोलत तसे तिथे जेवताना आमच्याविषयी बोलत असणार. अण्णा खाली मान घालून भाकरी कुस्करत होते. त्या रात्री आम्ही दोघी म्हातारीच्या घरात निजलो. मध्यरात्री जाग आली तेव्हा आई जागी होती आणि दारातून चांदण्यात उभी असलेली लाल गाडी दिसत होती.

पहाटे उजाडल्याबरोबर म्हातारीने आम्हांला उतारावर नेले. खाली शिवसागर जलाशय. मे महिना, पाणी उतरलेले, काठाला चिखलाचे पट्टे; तरी एवढे पाणी एका ठिकाणी आईने कधी पाहिले नव्हते. अण्णांनी सांगितले की हे पाणी डोंगर पोखरून पश्चिमेला नेतात, त्याच्यावर वीज करतात आणि मग ते कोकणात उतरून समुद्राला जाते. "आन आपल्याकडं टँकर," आई एवढेच म्हणाली. मग तिने ओंजळभर पाणी घेऊन तोंड धुतले आणि सहाची गाडी चुकायला नको म्हणून सर्वांच्या आधी चढण चढू लागली.

यंदा गणपतीत मैत्रिणीचा दादा पुन्हा आला. मी त्याला हे सांगितले. तो मनाने चांगला आहे. त्याने लगेच हिशेब केला. टप्प्याचे भाडे इतके, अर्ध्या तिकिटाने दोघींचे जाण्यायेण्याचे चारशेच्या घरात झाले असते. "म्हणजे पासाने तुमचे चारशे रुपये वाचले. एवढ्यासाठी इतकी वर्षे पास जपायचा?" माझी मैत्रीणही त्याच्या बाजूने होती. मी कॉलेजातल्या दोन-तीन जणांनाही विचारून पाहिले, सर्वांचे उत्तर रुपयांतच आले. हिशेब चुकीचा नाही. पण अर्धे तिकीट दोन वर्षांहून अधिक काळ आईला उपलब्ध होते आणि ती घराबाहेर पडली नव्हती. सवलत सर्वांना मिळते. ती घेतली तर घेतली. पास मात्र अण्णांच्या किलोमीटरांतून आलेला होता. कुणी विचारलेच की कशाला चाललीस, तर तिला काम सांगावे लागणार नव्हते. आमचे जमा आहे, म्हणून चालले, एवढे पुरेसे होते. दादाला सिंगापुरात काय पाहायचे आहे ते त्याला अजून ठरवता आलेले नाही, पण आकडा पाहिला की त्याला बरे वाटते, हे त्याने मागल्या वर्षी कबूल केले होते. तेव्हा मी हसले होते. आता वाटते, आईलाही कॅलेंडरमागची पिशवी पाहून इतकी वर्षे असेच बरे वाटत असेल.

परत आल्यावर मी वहीत आईच्या नावाचे एक पान काढले. घरापासून डेपो तीन टप्पे, तिथून सतरा. वीस टप्पे जाताना, वीस येताना, २४० किलोमीटर. मग तिची पंढरपूरची वारी धरली, माहेरच्या फेऱ्या धरल्या. ती शेजारी बसून पाहत होती. म्हणाली, "ह्यात चाललेलं धरत न्हाईत का?"

मी म्हटले, "ह्यात गाडीचेच धरतात."

"मग माझं खातं निराळं काढ."

काढले. हल्ली रात्री जेवणे झाल्यावर आम्ही ते भरायला बसतो. अजून तिचे लग्नही झालेले नाही. आम्ही तिच्या दहाव्या वर्षापाशी आहोत, माहेरच्या उन्हाळ्यात, पाण्याच्या खेपांवर. विहीर घरापासून किती लांब होती, असे मी विचारले. ती म्हणाली, "जाताना सांगू का येताना?" मी म्हटले, अंतर तेच की. "तेच कसं?" ती म्हणाली. "येताना डोक्यावर दोन हांडे असायचे." मी दोन रकाने आखले आहेत.